उरलेलं शेवाळनाशक तलावात ओतण्यापूर्वी

पावसाळा सरला की लोणावळा, कर्जत, मुळशी, अलिबाग या बाजूच्या बंगल्यांमधले पोहण्याचे तलाव पुन्हा वापरात येतात. पंपखोली उघडली जाते आणि फळीवर गेल्या हंगामातली सगळी शिल्लक समोर येते. क्लोरीनच्या गोळ्यांचा डबा, तळाशी थोडं ॲसिड, आणि टोपणाभोवती पांढरी पापडी धरलेला शेवाळनाशकाचा अर्धा कॅन. पाणी थोडं हिरवट दिसत असतंच. मग मालक म्हणतो, माळी म्हणतो, ‘पडून राहण्यापेक्षा ओतून टाकू.’

हा विचार काटकसरीचा वाटतो, पण तो महागात पडू शकतो. कॅनमध्ये औषध उरलं आहे, एवढं एकच कारण ते पाण्यात घालायला पुरेसं नाही. त्या पाण्यात मुलं तोंड उघडून उड्या मारणार आहेत, आणि तेच पाणी पुढे बॅकवॉशमधून, म्हणजे फिल्टर उलट्या प्रवाहाने धुताना, बागेत, नाल्यात, कधी विहिरीच्या झऱ्यापर्यंत जाणार आहे. म्हणून ओतण्याआधी तीन प्रश्नांची उत्तरं हवीत: कॅनमध्ये नक्की काय आहे, पाण्यात आधीपासून काय आहे, आणि या पाण्याला शेवाळनाशकाची खरंच गरज आहे का.

आधी लेबल वाचा

‘अल्जीसाइड’ या एकाच नावाखाली दुकानात वेगवेगळी रसायनं मिळतात. घरगुती तलावांसाठी प्रामुख्याने तीन प्रकार येतात आणि तिन्हींचे स्वभाव निराळे आहेत.

पहिला प्रकार क्वाटचा. लेबलवर बेन्झाल्कोनियम क्लोराइड किंवा ‘डायमिथाइल बेन्झाइल अमोनियम क्लोराइड’ असं नाव दिसेल. हा स्वस्त आणि सर्रास मिळणारा प्रकार. तो साबणासारखा फेस करतो. साध्या तलावात बेताने वापरला तर चालतो. पण जकुझी, धबधबा किंवा जोरदार जेट असतील तर पाण्यावर फेसाचा थर जमतो आणि काही दिवस हटत नाही. याची तीव्रता 10 टक्के असू शकते आणि 50 टक्केही. गेल्या वर्षी 10 टक्क्यांचा कॅन होता, यंदा हाती लागलेला 50 टक्क्यांचा आहे आणि माप मात्र तेच, तर तलावात पाचपट औषध पडलं. त्यामुळे आकडा पाहिल्याशिवाय माप घेऊ नका.

दुसरा प्रकार पॉलिक्वाटचा. लेबलवर ‘पॉली’ने सुरू होणारं लांबलचक नाव असतं आणि बहुतेक वेळा 60 टक्के असा आकडा. हा महाग आहे, पण फेस करत नाही आणि डागही पाडत नाही. उरलेल्या कॅनमध्ये हा निघाला, मुदतीत असला आणि पाणी मुळात चांगलं असलं, तर तो निःशंक वापरावा. नाव वाचताना एक खबरदारी मात्र घ्या. ‘पॉली’नंतर पुढे ‘बायग्वानाइड’ हा शब्द असेल तर ती वेगळीच वस्तू आहे. ती क्लोरीनऐवजी वापरायची असते आणि क्लोरीनशी तिचं जमत नाही. क्लोरीनच्या तलावात ती घालायची नाही.

तिसरा प्रकार तांब्याचा. कॉपर सल्फेट, चिलेटेड कॉपर किंवा नुसतं ‘कॉपर’ असं लिहिलेलं असतं आणि द्राव बहुधा निळा असतो. शेवाळावर तांबं चांगलं चालतं. अडचण अशी की ते पाण्यातून जात नाही. उन्हाने क्लोरीन उडतं, क्वाट हळूहळू क्लोरीनमुळे मोडतं, पण तांबं तिथेच राहतं. पाणी वाफ होऊन जातं, आपण पाइप लावून तलाव पुन्हा भरतो, आणि आधीच्या तांब्यात पुढच्या मापाची भर पडत जाते.

लेबल पुसलं असेल, फाटलं असेल किंवा मूळ कॅनमधलं औषध कुणी दुसऱ्या बाटलीत भरून ठेवलं असेल, तर अंदाजाने काही करू नका. हलवून फेस आला म्हणजे क्वाट, निळं दिसलं म्हणजे तांबं, असे तर्क तीव्रता सांगत नाहीत आणि मुदतही सांगत नाहीत. अनोळखी औषध तलावात घालायचं नाही, हा नियम कुणासाठीही मोडू नका.

मुदतीचं म्हणाल तर शेवाळनाशक क्लोरीनसारखं पटकन मरत नाही. द्रवरूप क्लोरीन आपल्याकडच्या उन्हाळ्यात काही महिन्यांत निम्मं निकामी होतं. घट्ट बंद, सावलीत ठेवलेलं शेवाळनाशक त्यापेक्षा पुष्कळ टिकतं. तरीही कॅनवरची तारीख अंतिम मानावी. तळाशी गाळ बसला असेल, द्राव दोन थरांत फुटला असेल किंवा कॅन उन्हात राहून फुगला असेल, तर तारीख शिल्लक असली तरी तो बाद समजा.

बागेतलं मोरचूद तलावात नको

फार्महाउसवर आणखी एक शिल्लक असते. द्राक्षाला, सुपारीला बोर्डो मिश्रण फवारण्यासाठी आणलेलं मोरचूद. मोरचूद म्हणजेच कॉपर सल्फेट, आणि ते शेवाळ मारतं हे शेतकऱ्याला ठाऊक असतं. त्यामुळे ‘मूठभर टाकलं की काम होतं’ असा सल्ला सहज मिळतो.

त्या मुठीचा हिशेब मांडून पाहू. तलाव 8 मीटर लांब, 4 मीटर रुंद आणि सरासरी 1.35 मीटर खोल आहे असं धरा. तिन्ही आकड्यांचा गुणाकार 43.2 घनमीटर, म्हणजे 43,200 लिटर पाणी. मोरचुदात सुमारे 25 टक्के तांबं असतं. मुठीमुठीने एक किलोची पिशवी रिकामी केली तर साधारण 255 ग्रॅम तांबं पाण्यात गेलं, म्हणजे लिटरमागे जवळपास 6 मिलिग्रॅम. पिण्याच्या पाण्याच्या आयएस 10500 या भारतीय मानकात तांब्याची स्वीकार्य मर्यादा लिटरला 0.05 मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोत नसेल तेव्हाची कमाल मर्यादा 1.5. तलावाचं पाणी पिण्यासाठी नसतं हे खरं, पण पोहायला शिकणाऱ्या मुलाच्या पोटात ते जातंच. त्यातून शेतीसाठीचा माल तलावासाठी शुद्ध केलेला नसतो, आणि त्यात दुसरं काय आहे ते पिशवीवर लिहिलेलं नसतं.

तांबं जास्त झालं की पाणी निर्मळ दिसतं आणि तरी हिरवट निळी झाक मारतं. सामू, म्हणजे पीएच, 7.8 च्या वर चढला की तेच तांबं टाइल्सच्या फटींवर, पायऱ्यांवर, पांढऱ्या प्लास्टरवर निळसर ते काळपट डाग सोडतं. सोनेरी रंग लावलेले किंवा पिकलेले केस हिरवट होतात. लोक दोष क्लोरीनला देतात, पण केसांना चिकटतं ते तांबं.

हे तांबं काढायचा भरवशाचा मार्ग एकच, पाणी बदलणं. निम्मं करायचं तर निम्मं पाणी उपसावं लागतं. वरच्या तलावात ते 21,600 लिटर होतं, म्हणजे दहा हजार लिटरचे दोन टँकर आणून वर थोडं पाणी. मार्च-एप्रिलमध्ये गावात हंड्यासाठी रांग लागलेली असताना केवळ आपल्या चुकीपायी दोन टँकर तलावात रिकामे करायची वेळ कुणावर येऊ नये.

तेव्हा तांब्याचं शेवाळनाशक उरलं असेल तर आधी तांबं मोजा. त्यासाठी साध्या पट्ट्या मिळतात. आकडा आधीच 0.2 ते 0.3 पीपीएमच्या घरात असेल (पीपीएम म्हणजे लिटरला मिलिग्रॅम), तर एक थेंबही घालू नका. शून्याजवळ असेल आणि सामू 7.2 ते 7.6 मध्ये असेल, तरच लेबलवरचं माप घाला, आणि कधी व किती घातलं ते लिहून ठेवा.

पाणी हिरवं असेल तर ही औषधाची वेळ नाही

सर्वांत जास्त शेवाळनाशक इथे वाया जातं. शेवाळनाशक हे मुख्यतः प्रतिबंधाचं औषध आहे. स्वच्छ पाण्यात शेवाळ धरू नये म्हणून ते घालतात. तलाव एकदा हिरवागार झाला की त्यात अर्धा कॅन ओतणं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. वाढलेलं शेवाळ मारायचं काम क्लोरीनचं, आणि मेलेलं शेवाळ बाहेर काढायचं काम फिल्टरचं.

आता क्लोरीन रोज घालूनही तलाव हिरवा का झाला, ते पाहिलं पाहिजे. आपल्याकडे बहुतेक तलावांत टीसीसीएच्या (ट्रायक्लोरोआयसोसायन्युरिक ॲसिडच्या) पांढऱ्या गोळ्या वापरतात. या गोळ्यांमधून क्लोरीनबरोबर सायन्युरिक ॲसिडही पाण्यात उतरतं. ते थोडं असेल तर उन्हापासून क्लोरीनचं रक्षण करतं. 30 ते 50 पीपीएम ही चांगली पातळी. पण गोळ्यांमधून क्लोरीन 10 पीपीएमने वाढलं की सायन्युरिक ॲसिड साधारण 6 पीपीएमने वाढतं, आणि तांब्यासारखंच तेही पाण्यातून सहज जात नाही. हंगाम संपता संपता ते शंभराच्या वर गेलेलं असतं. मग टेस्ट किट 2 पीपीएम क्लोरीन दाखवतं, पण ते क्लोरीन जणू बांधलेलं असतं. शेवाळ वाढत राहतं आणि मालक शेवाळनाशकाच्या कॅनमागून कॅन आणत राहतो. ढोबळ नियम असा की मोकळं क्लोरीन सायन्युरिक ॲसिडच्या किमान साडेसात टक्के असावं. सायन्युरिक ॲसिड 100 असेल तर क्लोरीन 7 ते 8 लागेल. 2 वर निभावणार नाही.

पावसाळ्यात खुल्या तलावाचं पाणी वरून भरून वाहतं. तेव्हा ही साठलेली मात्रा बरीच विरळ होते, आणि हा आपल्या हवामानाचा फायदाच आहे. पण त्याच पावसाने क्लोरीनही विरळ होतं, पानं, माती, फुलांचा केर आत येतो आणि ढगांआडून ऊन पडलं की शेवाळाला हवं ते सगळं मिळतं. म्हणून ऑक्टोबरमध्ये कॅनकडे हात जाण्याआधी टेस्ट किट काढा.

हिरवं पाणी परत आणण्याचा क्रम असा ठेवा. जाळीने पानं काढा. सामू 7.2 च्या आसपास आणा. भिंती, पायऱ्या, शिडीमागचे कोपरे ब्रशने घासा, कारण चिकटलेल्या थराखाली क्लोरीन पोचत नाही. मग क्लोरीन सायन्युरिक ॲसिडच्या सुमारे 40 टक्क्यांपर्यंत चढवा. आपल्या 43,200 लिटरच्या तलावात सायन्युरिक ॲसिड 30 पीपीएम असेल तर क्लोरीन 12 पीपीएमला न्यावं लागेल, आणि त्यासाठी 65 टक्क्यांचं कॅल्शियम हायपोक्लोराइट सुमारे 800 ग्रॅम पुरेल. प्लास्टिकच्या बादलीत आधी पाणी घ्या, त्यात पावडर सोडा. उलटं करू नका. संध्याकाळी घाला, पंप रात्रभर चालू ठेवा, सकाळी पुन्हा मोजा आणि घटलेलं भरून काढा. फिल्टरचा दाब वाढला की बॅकवॉश करा. तळाचा गाळ व्हॅक्यूमने काढताना मल्टिपोर्ट व्हॉल्व्ह ‘वेस्ट’वर ठेवा, नाहीतर तोच गाळ फिल्टरमधून फिरून परत येतो. पाणी स्वच्छ होऊन तळाची जाळी नीट दिसेपर्यंत कुणालाही उतरू देऊ नका. गढूळ पाण्यात बुडणारं मूल काठावरून दिसत नाही.

हे सगळं झाल्यावर क्लोरीन 5 पीपीएमच्या खाली येऊ द्या. त्याआधी क्वाट घातलं तर क्लोरीन आणि क्वाट एकमेकांनाच खाऊन टाकतात.

आता उरलेलं कसं वापरायचं

लेबल स्पष्ट आहे, मुदत बाकी आहे, पाणी स्वच्छ आहे, सामू आणि क्लोरीन जागेवर आहेत, आणि तांब्याचं औषध असेल तर तांबं मोजलेलं आहे. एवढं जुळलं की उरलेला कॅन उपयोगी पडतो. मोठ्या गळतीनंतर नवं पाणी भरलं, आठ-दहा दिवस बंगला बंद राहणार आहे किंवा ऑक्टोबरचं कडक ऊन सुरू झालं आहे, अशा वेळी प्रतिबंध म्हणून तो चांगला.

माप पाण्याच्या आकारमानावरून काढा, ‘गेल्या वेळी दोन मग घातले होते’ यावरून नाही. हातमोजे आणि चष्मा घाला. 50 टक्क्यांचं क्वाट डोळ्यात उडालं तर गंभीर इजा होते. वाहत्या पाण्याने निदान पंधरा मिनिटं डोळा धुवा आणि लगेच दवाखाना गाठा. जाताना कॅन सोबत न्या, डॉक्टरांना नाव लागतं. कुणाच्या पोटात गेलं तर उलटी करवू नका, तसेच दवाखान्यात न्या.

औषध बादलीभर पाण्यात पातळ करून, पंप चालू असताना, तलावाच्या कडेने फिरत सोडा. स्किमरमध्ये ओतू नका. तिथे आधीची क्लोरीनची गोळी असेल तर तीव्र द्राव थेट तिच्यावर पडतो. एका तासाला 8 घनमीटर पाणी फिरवणारा पंप असेल तर वरच्या तलावाचं पाणी एकदा फिरायला साडेपाच तास लागतात. तेवढा वेळ पंप चालू ठेवा. पोहायला केव्हा उतरायचं ते लेबलवर लिहिलेलं असतं, तेच पाळा.

दोन उरलेले कॅन एकत्र करून ‘एक पूर्ण माप’ बनवू नका. तांबं आणि क्वाट एका डब्यात मिसळू नका. शेवाळनाशक, क्लोरीन आणि ॲसिड यांच्यासाठी मग, बादली, नरसाळं वेगळं ठेवा. कॅल्शियम हायपोक्लोराइटच्या डब्यात दुसऱ्या औषधाचे चार थेंब गेले तरी आग लागू शकते, आणि टीसीसीए त्यात मिसळलं तर स्फोट होऊ शकतो. पंपखोलीत यांचे डबे शेजारी शेजारी फळीवर दिसले तर आजच वेगळे करा.

वापरता येत नसेल तर

बाद कॅन नाल्यात, खाडीत, विहिरीजवळ किंवा संडासात ओतू नका. क्वाट आणि तांबं दोन्ही माशांना घातक आहेत, आणि सेप्टिक टँकमध्ये गेलं तर मैला कुजवणारे जिवाणू मरून टँक तुंबतो. डासांसाठी गप्पी मासे सोडलेल्या टाक्या-हौद जवळ असतील तर तांब्याचं बॅकवॉशचं पाणी तिकडे वळू देऊ नका. झाडांनाही तेच पाणी वारंवार घालू नका. मातीत तांबं साठत जातं.

2016 च्या घनकचरा नियमांनी कीटकनाशकांचे डबे घरगुती घातक कचऱ्यात धरले होते. शेवाळनाशकाचा कॅनही त्याच काळजीने हाताळा. नगरपालिकेच्या घातक कचऱ्याच्या संकलनात तो वेगळा द्या. गावात तशी सोय नसेल तर ज्या दुकानदाराकडून घेतला त्याला परत घ्यायला सांगा. मुदतीतला, न फोडलेला कॅन असेल तर तलाव सांभाळणाऱ्या शेजाऱ्याला मूळ लेबलसह द्या.

रिकाम्या कॅनची गोष्ट याहून जिव्हाळ्याची आहे. बंगल्यावर राखणीला असलेलं कुटुंब असा मजबूत पाच लिटरचा कॅन सहज धुऊन पाण्याला, तेलाला किंवा ताकाला वापरतं. ती त्यांची गरज असते, आणि धोका सांगणं हे आपलं काम आहे. कॅन रिकामा झाला की त्याला भोकं पाडा, मगच टाका. तसंच औषध कधीही कोल्ड्रिंकच्या किंवा बिसलेरीच्या बाटलीत काढून ठेवू नका. निळं पाणी लहान मुलाला सरबत वाटतं.

पुढच्या वर्षी उरूच नये म्हणून

टोपण पहिल्यांदा उघडलं की कॅनवर पक्क्या मार्करने तारीख, तीव्रता आणि आपल्या तलावाचं पाणी लिटरमध्ये लिहा, आणि वर पारदर्शक चिकटपट्टी लावा. पंपखोलीच्या दाराला एक वही टांगा. त्यात रोजचं क्लोरीन आणि सामू, महिन्यातून एकदा सायन्युरिक ॲसिड, आणि तांब्याचं औषध वापरत असाल तर तांबं, एवढं लिहीत जा. राखणदाराला रोज ब्रश मारायला आणि पंप ठरल्या वेळेपर्यंत चालवायला सांगा, आणि त्या कामाचा योग्य मोबदला द्या. स्वस्त म्हणून मोठा कॅन घेऊ नका. एका हंगामाला पुरेल इतकाच घ्या, आणि पुढच्या वेळी शक्यतो फेस न करणारा पॉलिक्वाट घ्या.

क्लोरीन योग्य, सामू योग्य, फिल्टर चालू आणि भिंती घासलेल्या, अशा तलावाला शेवाळनाशक क्वचितच लागतं. पैसे वाचतात ते इथे. उरलेला कॅन संपवण्याच्या नादात आपण पाणी बिघडवतो. तेच पैसे एका चांगल्या टेस्ट किटवर घाला आणि हंगामाची सुरुवात पाणी मोजून करा.